समुद्रावर जाऊन माणसं नेमकं करतात काय?

संत्रानगरी | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, भांडायला नाही, खरंच विचारतोय. मी नागपूरचा, सासुरवाडी गुहागरची. त्यामुळे दर उन्हाळ्यात आणि आताशा दिवाळीतही समुद्र चुकत नाही. लग्नाआधी मी समुद्र पाहिला तो फक्त मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून. तिथे एक बरं असतं, खाली उतरावं लागत नाही.

आता होतं असं. दुपारचे चार वाजले की घरात लगबग सुरू. जुने कपडे काढा, टॉवेल घ्या, पोरांच्या बादल्या शोधा. पाच मिनिटांत किनारा. पोरं पाण्यात, बायको पाण्यात, मेव्हणा पाण्यात, सासरेबुवासुद्धा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात. मी कोरड्या वाळूत, सगळ्यांचे मोबाईल आणि चष्मे सांभाळत. चिकट हवा, खिशात वाळू, थर्मासातल्या चहात वाळू. आणि परतताना जो तो म्हणतो, "काय मस्त वाटलं ना!" अरे पण झालं काय? लाट आली, लाट गेली.

गड चढणाऱ्यांचं मला कळतं, माथा गाठला की काम झालं. ताडोब्यात वाघ दिसला की पैसे वसूल. समुद्रावर काय झालं म्हणजे वसूल समजायचं? तुम्ही का जाता आणि जाऊन काय करता ते सांगा. फक्त "शांत वाटतं" हे सोडून. ते घरी ऐकून झालंय.

खडपातला_खेकडा | सोमवार, रात्री ९.४८

मी पहिला! शेंगदाणे घेऊन बसलोय. कोकणातले आयडी आले की कळवा.

दिवेआगरची_सुपारी | सोमवार, रात्री १०.१५

कोरड्या वाळूत बसता तिथेच घोळ आहे हो. कोरडी वाळू ही फक्त चपला काढायची जागा.

पुढच्या वेळी असं करा. लाट जिथे येऊन संपते तिथे उभे राहा, घोट्याइतक्या पाण्यात, समुद्राकडे तोंड करून. लाट येताना काही विशेष होत नाही. परत जाताना बघा, टाचेखालची वाळू निसटायला लागते. आधी कडेची, मग मधली, आणि टाच हळूहळू आत जाते. खाली मान घालून पाहिलंत तर पाणी मागे जातंय की आपणच मागे सरकतोय हे कळेनासं होतं. माझा भाचा मोठा इंजिनियर आहे, तो अजूनही दर वेळी तोल जाऊन हसत सुटतो. घोट्यापर्यंत रुतलात की पाय काढायचा आणि पुन्हा नव्या जागी उभं राहायचं.

एवढंच. याला वसुली कसली लावता?

गिरगावचा_गणू | सोमवार, रात्री १०.३२

आमचं कारण साधं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. आजोबांची खाट, त्याखाली मोठ्या भावाची वळकटी, मधे शिवणयंत्र. घरात कुणी कुणाशी भांडलं तरी जाणार कुठे? चौपाटीवर. वडील रागावले की "जरा चौपाटीवर जाऊन येतो" म्हणायचे आणि तासाभराने शेंगांची पुडी घेऊन यायचे. ताईला बघायला आलेल्या मुलाशी तिचं पहिलं बोलणं चौपाटीवर झालं, कारण घरात दोघांनी बसून बोलायला जागाच नव्हती. आम्ही भावंडं दहा हात मागे भेळ खात चाललोय, कान पुढे.

गिरगाव चौपाटी म्हणजे आमची बैठकीची खोली. लोकमान्यांचा अंत्यविधी १९२० साली इथल्या वाळूत झाला, म्हणून तिथे त्यांचा पुतळा आहे. सभा इथे, विसर्जन इथे, प्रेमं इथे. पाण्यात मात्र आम्ही कधी गेलो नाही. ते पाणी तुम्हीही बघितलं असतंत तर गेला नसता.

तर्री_पोहे | सोमवार, रात्री १०.४०

संत्रानगरीभाऊ, मी पण नागपूरचाच. एक सांगा, रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर तुम्ही काय करता? अंबाझरीला काय करता? तिथे तर लाटही येत नाही. काहून कोकणवाल्यांना तरास देऊन राहिले?

संत्रानगरी | सोमवार, रात्री १०.५२

@तर्री_पोहे, फुटाळ्याला मी खायला जातो बाप्पा. तलाव तिथे आपला आहे म्हणून आहे.

@सुपारीताई, करून बघीन. पण मग मोबाईल कोण सांभाळणार?

खडपातला_खेकडा | सोमवार, रात्री १०.५५

मोबाईल घरी ठेवा. सूर्य तळहातावर घेतलेला फोटो एक वर्ष नाही टाकला तर सूर्य बुडायचा थांबणार नाही. हलके घ्या.

भूगोलाचे_सर | मंगळवार, सकाळी ७.०५

निवृत्त शिक्षक असल्याने पाठ घेतल्याशिवाय राहवत नाही.

सहावी-सातवीत "खारे वारे आणि मतलई वारे" घोकलेलं आठवत असेल. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. जमिनीवरची हवा गरम होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, मग वारा उलट वाहतो, ते मतलई. एप्रिल-मे महिन्यात दुपारी घरात अंगाची लाही होत असते त्याच वेळी किनाऱ्यावर हा वारा जोरात असतो. संत्रानगरी यांच्या सासरी चार वाजता लगबग का होते, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. पंखा नव्हता तेव्हापासून किनाऱ्याकाठची माणसं संध्याकाळी पुळणीवर येऊन बसत आली आहेत.

दुसरं, आवाज. लाटांचा आवाज सतत असतो पण त्यात दचकवणारं काही नसतं. रस्त्यावरचा हॉर्न मेंदूला जागं करतो, लाट करत नाही. तिसरं, नजर. शहरात समोरच्या इमारतीपलीकडे डोळा जात नाही, इथे थेट क्षितिजापर्यंत जातो.

ऊर्जा_साधक | मंगळवार, सकाळी ८.२०

सर, मुख्य मुद्दा राहिला. समुद्राच्या हवेत ऋण आयन असतात, ते रक्तात जाऊन मन प्रसन्न करतात. अनवाणी चाललं की शरीरातली वाईट ऊर्जा वाळूत उतरते. माझी गुडघेदुखी त्यानेच गेली.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८.४१

लाटा फुटतात तिथे हवेत ऋण आयन तयार होतात हे खरं. ते रक्तात जाऊन प्रसन्न करतात याला भक्कम पुरावा नाही. वाईट ऊर्जा वाळूत उतरत असती तर जुहूची वाळू रात्री चमकली असती.

गुडघ्याचं म्हणाल तर मऊ वाळूत चालायला जास्त ताकद लागते, स्नायूंना व्यायाम होतो. तुम्ही सुट्टीवर होतात, पोटभर झोपलात, ऑफिसचा फोन उचलला नाहीत. गुडघ्यालाही सुट्टी मिळाली असेल.

आणि समुद्राचा तो "वास" म्हणतात ना, त्यात मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा असतो. सूक्ष्म वनस्पती-प्लवकांपासून तो बनतो. म्हणजे छाती भरून आपण जे घेतो ते गंधकाचं संयुग.

ऊर्जा_साधक | मंगळवार, सकाळी ८.५०

तुमच्यासारख्यांमुळेच आपलं प्राचीन ज्ञान लयाला गेलं.

अप्पा_पेणवाले | मंगळवार, सकाळी ९.३०

प्राचीन काढलंत म्हणून सांगतो. आमच्या आजीचा नियम होता, पिंपळाला शनिवारी शिवावं आणि समुद्राला पर्वणीलाच. एरवी लांबून नमस्कार. सोमवती अमावास्येला, ग्रहणाला घरचे सगळे समुद्रस्नानाला जायचे, तेही नारळ वाहून, तीन डुबक्या मारून, लगेच बाहेर. पाण्यात दोन-दोन तास डुंबायचं, फोटो काढायचे, हे आजीने पाहिलं असतं तर सगळ्यांना पुन्हा आंघोळ घातली असती. विलायतेतसुद्धा अठराव्या शतकात डॉक्टर लोक औषध म्हणून समुद्रस्नान लिहून द्यायला लागले तेव्हा तिथली किनाऱ्याची गावं फोफावली. मौजेसाठी समुद्र हे सगळीकडेच अलीकडचं खूळ आहे.

रापणकार | मंगळवार, दुपारी १.१०

आता गाववाल्याचा पण ऐका. मी मालवणकडचा.

तुमी समुद्र बघूक येतास, आमी समुद्राकडे बघून उद्या चुलीवर काय चढतला ता ठरवतांव. इतकोच फरक.

बाकी सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. थंडीत सकाळी आमच्याकडे रापण लागते. होडीतून जाळं नेऊन समुद्रात अर्धगोल टाकतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन बाजूंनी माणसं दोर ओढतात. एका बाजूला पंधरा-वीस माणसं तरी लागतात. पाय वाळूत घट्ट रोवून, पाठ समुद्राकडे करून, एका लयीत. जाळं जवळ आलं की पाणी आधी रंग बदलतं, मग वर पक्ष्यांची गर्दी, मग एकदम चंदेरी उड्या. पर्यटक तेव्हा धावत येतात. ज्यांनी दोराला हात लावला त्यांना चार मासे द्यायचे ही आमची जुनी पद्धत. फोटो काढणाऱ्यांना नाही.

तर संत्रानगरीसाहेब, तुम्हाला "काहीतरी झालं" असं हवं असेल तर दोराला हात लावा. तळहात सोलपटतील, पण बांगडे घेऊन घरी जाल. हल्ली मात्र रापण कमी झाली. मोठ्या यांत्रिक बोटी आणि अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याजवळ मासा उरू दिला नाही, यावरून आमच्याकडे भांडणं आणि आंदोलनं झाली आहेत.

दिवेआगरची_सुपारी | मंगळवार, दुपारी १.३२

रापणकारभाऊ, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

गच्चीवरची_जाई | मंगळवार, दुपारी ३.४५

सगळे प्रतिसाद वाचले. माझं कारण माझी आई.

आई बासष्ट वर्षांची, सांगलीकडची. आयुष्य स्वयंपाकघर आणि शाळेची नोकरी यांत गेलं. तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं, मोठ्याने हसतानाही क्वचित. आंजर्ल्याला घेऊन गेलो. आधी "मी इथेच बसते, तुम्ही जा." मग "फक्त पाय भिजवते." साडीच्या निऱ्या वर खोचल्या, डाव्या हातात त्या धरून ठेवल्या, उजव्या हाताने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. पहिली मोठी लाट आली तेव्हा किंचाळली. दुसरीला दंड सोडला. थोड्या वेळाने निऱ्याही सोडल्या. मग ती खाली बसलीच, पाण्यात, साडीसकट, आणि पुढची लाट तोंडावर आली तेव्हा खारट पाणी थुंकत म्हणाली, "मीठ कमी आहे गं." आम्ही सगळे लोळलो हसून.

बाईमाणसाला, तेही त्या वयात, चारचौघांत खेळायची मुभा दुसरीकडे कुठे आहे? बागेतल्या झोपाळ्यावर बसली तर लोक बघतात. समुद्रावर कोणी बघत नाही, जो तो आपल्या लाटेत गुंतलेला.

मात्र एक तक्रार. ओल्या साडीत पुढे दोन तास गाडीतून जावं लागलं. किनाऱ्यावर वडापावच्या पंधरा गाड्या, पण कपडे बदलायला एक धड आडोसा नाही. पुरुष टॉवेल गुंडाळून मोकळे. बायकांनी काय करायचं?

नऊवारी_नेहा | मंगळवार, दुपारी ४.००

आडोशाबद्दल हजार वेळा सहमत. आणि पाय धुवायला नळाच्या धारेला वीस रुपये.

गिरगावचा_गणू | मंगळवार, दुपारी ४.०४

जाईताई, "मीठ कमी आहे" वाचून चहा सांडला.

पुणेरी_पाटी | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

धागा छान चाललाय, पण एक प्रश्न राहवत नाही. वाळूत गाडी नेऊ नये असं का म्हणतात? ओहोटीला वाळू अगदी डांबरी रस्त्यासारखी घट्ट असते. आम्ही कर्द्याला मस्त चक्कर मारली.

खडपातला_खेकडा | मंगळवार, संध्याकाळी ६.२२

आले! शेंगदाणे संपत आले होते.

रापणकार | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

घट्ट असते ती ओली वाळू. गाडी वळवायला तुम्ही थोडं वर, कोरड्यात जाता, तिथे चाक रुततं. मग एक्सलेटर दाबता, चाक आणखी खोल. तोवर भरती लागलेली असते. मग गावात ट्रॅक्टर शोधायचा. ट्रॅक्टरवाला आधी समुद्राकडे बघतो, मग घड्याळाकडे, मग तुमच्या नंबरप्लेटकडे, आणि आकडा सांगतो. पाणी बोनेटला लागलेलं असताना घासाघीस कोण करणार?

शिवाय त्या वाळूत कासवांची घरटी असतात. वरून काही दिसत नाही. गाडी गेली की वाळू दाबली जाते, पिल्लांना वर येता येत नाही.

सागरवेध | मंगळवार, रात्री ८.१५

कासवांचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर.

ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री आपल्या किनाऱ्यावर येतात. मागच्या पायांनी दीड-दोन फुटांचा खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटून ती पोटाने थोपटून बुजवतात आणि निघून जातात. पुन्हा ढुंकून बघत नाहीत. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं आपली आपण वर येतात. वाळूचं तापमान जास्त असेल तर माद्या जास्त, कमी असेल तर नर जास्त.

पूर्वी गावोगाव ही अंडी काढून खाल्ली किंवा विकली जायची. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षण सुरू केलं. अंडी कुंपणाच्या आत हलवायची, पिल्लं बाहेर आली की समुद्राच्या दिशेने सोडायची. ते बघायला लोक यायला लागले, गावातल्या घरांत राहायला-जेवायला लागले, आणि अंडी विकण्यापेक्षा हे परवडतं हे गावाला दिसलं.

मी गेले होते तेव्हा टोपली उपडी केली आणि तळहाताएवढीसुद्धा नसलेली काळपट पिल्लं वाळूत पसरली. दोन सरळ निघाली, एक उलटं डोंगराकडे, एक जागच्या जागी गोल फिरत होतं. दोरीच्या अलीकडे शंभरेक माणसं आणि कोणी हूं की चूं नाही. जे गोल फिरत होतं त्याला शेवटी लाटेनंच उचललं, परत आणून आपटलं, पुन्हा उचललं. तिसऱ्या खेपेला ते दिसेनासं झालं तेव्हा शेजारच्या काकांनी सुटकेचा श्वास सोडला, जणू त्यांचंच कोणी परीक्षेला बसलं होतं.

संत्रानगरी, वाघाची सर येणार नाही कदाचित. पण तुमच्या गुहागरलाही कासवं येतात, तिथेही संवर्धनाचं काम चालतं. सासरी चौकशी करा.

संत्रानगरी | मंगळवार, रात्री ८.४०

सासरी कोणी बोललं नाही कधी! आत्ता फोन लावला. मेव्हणा म्हणतो, "भावजी, तुम्ही मोबाईलमधून मान वर केली असती तर जाळीचं कुंपण दिसलं असतं." घ्या.

जर्सीकर | मंगळवार, रात्री ११.१०

आमच्या न्यू जर्सीत किनाऱ्यावर पाऊल ठेवायलाच पैसे. बऱ्याच गावांत उन्हाळ्यात बिल्ला विकत घ्यावा लागतो, तो पिशवीला किंवा कपड्याला लावून फिरायचं. पहिल्यांदा कळलं तेव्हा बाबा म्हणाले, "समुद्राला तिकीट?" आणि गाडीतून उतरलेच नाहीत. पण जाईताई म्हणाल्या ते आडोसे, नळ, पहारेकरी असतात, ते त्याच पैशांतून.

रापणकार | बुधवार, सकाळी ७.३०

पहारेकऱ्यांवरून लिहितो, जरा गंभीर आहे.

आमच्या भागात दर मोसमात माणसं बुडतात. बहुतेक बाहेरची, बहुतेक तरुण, बरेचदा पोहता येणारी. गावातला माणूस ओरडून सांगतो, "तिथे जाऊ नका," तर उत्तर मिळतं, "काका, आम्हाला येतं."

ओढ कशी ओळखायची ते सांगतो. लाटा फुटतात तिथे पांढरा फेस दिसतो. दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधे एखादा पट्टा शांत, गडद दिसला की लोकांना वाटतं इथे बरं आहे, लाट नाही. नेमकी तिथेच ओढ असते. किनाऱ्याला आलेलं सगळं पाणी त्या वाटेने परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. दमता, आणि दमलात की संपलं. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत जा. ओढीचा पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलात की लाटच आत आणते. पोहता येत नसेल तर अंग टाकून तरंगत राहा, हात वर करा.

खाडीच्या तोंडाशी तर ओहोटीला अजिबात उतरू नये. पावसाळ्यात कुठेच नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीसाठी, पण त्या समुद्रात आम्ही कोळीसुद्धा उगाच जात नाही.

सिडनीची_सून | बुधवार, सकाळी ९.००

इकडे लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं, पोरांना शाळेपासून शिकवतात. ओढ बघून झेंडे रोज हलवतात. आपल्याकडे "येथे पोहणे धोक्याचे आहे" असा गंजका फलक असतो आणि त्याच्याखाली बसून लोक भेळ खातात.

शंकासुर | बुधवार, सकाळी ९.२५

रापणकार यांचा प्रतिसाद वेगळा धागा करून वर चिकटवून ठेवावा ही संपादकांना विनंती.

एक भर. २०१३ च्या गणपतीत गिरगावला दीड दिवसाच्या विसर्जनाच्या वेळी बऱ्याच जणांना पाकटाने डंख मारला होता. पाकट वाळूत अंग पुरून बसतं, पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. गढूळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालावं, म्हणजे ते आधीच पळतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय धरतात आणि लगेच डॉक्टर गाठतात.

खडपातला_खेकडा | बुधवार, सकाळी ९.३१

लोकांना समुद्र का आवडतो यावरचा धागा वाचून आता मी समुद्रावर जाणार नाही.

भूगोलाचे_सर | बुधवार, सकाळी १०.१०

खेकडेराव, तुमच्याच जातभाईंबद्दल सांगून वातावरण हलकं करतो. ओहोटीला ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या-मिरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते, बिळाभोवती किरणांसारखी, कुणी ठिपक्यांची रांगोळी काढावी तशी. इवले खेकडे वाळू तोंडात घालतात, तिच्यातलं खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. आपण पाऊल वाजवलं की सगळे बिळात. दोन मिनिटं हललो नाही तर आधी डोळे, मग नांग्या, मग काम पुन्हा सुरू. भरती आली की सगळी नक्षी पुसली जाते.

वाळूचाही रंग बघा. मुंबई-रायगडपासून बरीच काळपट, कारण मागचा सगळा डोंगर बेसॉल्टचा. रत्नागिरी शहरात तर एकाच गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र, वाळूच्या रंगावरून. तिथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे जड खनिज आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे बेसॉल्ट संपत जातो, जुने गारगोटीयुक्त खडक लागतात आणि वाळू उजळते.

तर्री_पोहे | बुधवार, सकाळी १०.३०

सर, तुम्ही आमच्या शाळेत असता तर मी भूगोलात पास झालो असतो.

नऊवारी_नेहा | बुधवार, दुपारी १२.१५

थोडं अवांतर. मी उत्तनची. लग्नाआधी मैत्रिणी घरी आल्या की नाकाला रुमाल लावायच्या, किनाऱ्यावर वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, बोंबील वाळत असायचे म्हणून. त्याच आता इन्स्टावर त्याच वलांड्यांसमोर उभं राहून फोटो काढतात आणि खाली लिहितात "निवांत". दोरीवर बोंबील अडकवायला माझी आई पहाटे चारला उठते. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टांगायची, दिवसभर हेच. तिला विचारलं तुला समुद्र आवडतो का, तर म्हणाली, "आवडायचं काय त्यात, घरच आहे." पण मामाकडे नाशिकला दोन दिवसांवर राहत नाही. रात्री झोप लागत नाही म्हणते, फार शांत आहे म्हणे तिकडे.

संपादक_मंडळ | बुधवार, दुपारी १.००

ऊर्जा_साधक आणि शंकासुर यांच्यातले चौदा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. ऋण आयनांची चर्चा तिकडे करावी.

संत्रानगरी | बुधवार, रात्री ९.२०

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. रापण, कासवं, खेकडे हे पटलं, कारण त्यात बघायला काहीतरी आहे. नुसतं बसून राहण्याचं अजून जमेल असं वाटत नाही. बायको हा धागा वाचत होती. ती म्हणाली, "तू ताडोब्याला जिप्सीत पाच तास बसतोस, त्यातली वाघ दिसल्याची मिनिटं किती?" यावर माझ्याकडे सध्या उत्तर नाही. सुचलं तर कळवतो.

आता एक कामाचा प्रश्न. परतताना अलिबागला एक दिवस थांबायचंय. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं म्हणतात. वेळ कशी काढायची?

अप्पा_पेणवाले | बुधवार, रात्री ९.४५

सोपं आहे. कालनिर्णय काढा, तिथी बघा, तिची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. तिथून सव्वासहा तास मागेपुढे ओहोटी, म्हणजे बाराच्या सुमारास. शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षांना तेच गणित. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे. रोज पाऊण तासाने वेळ पुढे सरकते. रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबई-अलिबागपेक्षा जरा आधी येते.

संत्रानगरी | बुधवार, रात्री ९.५८

आम्ही असू त्या दिवशी सप्तमी आहे. म्हणजे भरती सव्वापाचला, ओहोटी सकाळी साडेअकराला. नाश्ता करून निघू. बरोबर?

रापणकार | बुधवार, रात्री १०.२०

गणित बरोबर, दिवस चुकीचा. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाणी चढतही कमी आणि उतरतही कमी. साडेअकराला गेलात तरी मधे पाणी राहू शकतं. उधाणाच्या दिवसांत पाणी लांब जातं, वाट कोरडी पडते. त्रयोदशी-चतुर्दशी बघा, ओहोटी दुपारी चार-पावणेपाचला पडेल. ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी फिरायच्या आत परत. आत रमलात तर बाहेर पाणी भरतं, मग पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यातच बसा.

संत्रानगरी | बुधवार, रात्री १०.३१

त्रयोदशीपर्यंत सासरी राहावं लागेल मग.

खडपातला_खेकडा | बुधवार, रात्री १०.३३

सप्तमीला घोडागाडी करा. किनाऱ्यावरच मिळते, थोड्या पाण्यातूनही नेते. भाडं आधी ठरवा.